विलायतेतील घरपट्टी आणि कोर्टाचे समन्स

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका सभासदबंधूंच्या पेढीवर दिवेलागणीच्या सुमारास इंग्लंडातून चिरंजीवांचा फोन आला. लेस्टर येथे शिक्षण पुरे करून मुलगा नुकताच नोकरीस लागला होता. कोर्टाचे समन्स आले आहे, मॅजिस्ट्रेटपुढे हजर राहावयाचे आहे, एवढेच तो सांगू शकला. तीन पिढ्यांत ज्या घराने कोर्टाची पायरी चढली नाही, त्या घरात त्या रात्री कोणासही झोप लागली नाही. मातोश्रींनी तर मुलास अटक झाली असेच धरले. आमच्या समाजाची पुष्कळ मुले आज त्या देशी आहेत. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९८८ साली जैन मंदिरही उभे राहिले. म्हणून ही हकीकत येथे देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घोटाळ्याचे मूळ आपल्याच सवयीत आहे. आपल्याकडे घरपट्टी सामान्यतः घरमालकाच्या नावे. भाडेकरू भाडे देऊन मोकळा. इंग्लंडात १९९३ पासून लागू झालेला ‘कौन्सिल टॅक्स’ मात्र बहुधा जो घरात राहतो त्याने भरावयाचा असतो. पूर्णवेळ विद्यार्थी त्यातून वगळलेले असतात, म्हणून शिकत असता मुलास या कराची ओळखच झाली नाही. अभ्यासक्रम संपला आणि सवलतही संपली. सोबतचे दोघे मित्र अद्याप शिकत असल्याने देणेदार तो एकटाच उरला. त्याच्या नावे आलेली कौन्सिलची पत्रे, घरमालक पाहून घेईल अशा समजुतीने, त्याने फळीवर ठेवून दिली.

१९९२ च्या नियमांनी वसुलीची चाल फार जलद ठेवली. हप्ता चुकला की स्मरणपत्र आणि सात दिवसांची मुदत. तीही टळून आणखी सात दिवस गेले की वर्षाची उरलेली सारी रक्कम एकदम देणे होते. मग समन्स, व त्यावर खर्चाचा बोजा. या खर्चावरून तेथेही वाद झाले आहेत. लंडनमधील हॅरिंगे कौन्सिलने मागितलेल्या १२५ पौंडांचा प्रश्न रेव्हरंड पॉल निकल्सन या वृद्ध धर्मोपदेशकांनी हायकोर्टात नेला. हा आकडा कसा काढला याची पुरेशी माहिती नसता मॅजिस्ट्रेटांनी तो मंजूर केला, म्हणून २०१५ साली तो हुकूम बेकायदा ठरला. हिशेब मागणारा असा धर्मोपदेशक आम्हां व्यापाऱ्यांस आवडल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हणजे फौजदारी, या समजुतीने मंडळी अधिक घाबरली. वस्तुतः हे गुन्ह्याचे काम नव्हे. एकाच बैठकीत अनेक नावे निकालात निघतात. कर रीतसर लावला काय, मागणी पोहोचली काय, पैसे भरले काय, येणे सहा वर्षांपलीकडचे तर नव्हे, एवढेच तेथे पाहतात. ‘पैसे नाहीत’ हा बचाव चालत नाही. सूट वा सवलत यांचा तंटा तर त्या कोर्टात सुटतच नाही. त्यासाठी व्हॅल्युएशन ट्रायब्युनल निराळे आहे.

तेथील एका जाणत्या स्नेह्याने मुलास तारखेची वाट न पाहता कौन्सिलला फोन करावयास लावले, आणि सारे प्रकरण त्यानेच वळणावर आले. मित्र विद्यार्थी असल्याचे दाखले देताच करात शेकडा २५ ची सूट मिळाली. बाकीचे हप्तेही ठरले. तथापि कौन्सिलने देणेदारीचा हुकूम घेतलाच, आणि खर्चही माथी बसला. असा हुकूम हाती आल्यावर हप्ता चुकला तर पगारातून रक्कम कापून घेता येते किंवा बेलीफ पाठविता येतो. २०१४ च्या नियमांत बेलीफाच्या पहिल्या पायरीस ७५ पौंड व घरी आल्यास आणखी २३५ पौंड ठरविले होते. तुरुंगाची भीती वेल्समध्ये २०१९ साली काढून टाकण्यात आली. इंग्लंडात ती आहे, परंतु हेतुतः नाकारणाऱ्यास वा दोषास्पद हयगय करणाऱ्यास, आणि तीही वेगळी चौकशी होऊन.

मुलाचे हप्ते वेळेवर चालू आहेत. मित्रांचे शिक्षण सप्टेंबरात संपते. मग सूट जाईल आणि तिघेही मिळून देणेदार होतील. कौन्सिलला तसे कळविण्याचे पत्र वडिलांनी आत्ताच लिहवून ठेवले आहे.