आंतरजालसंलग्न गृहोपकरणे व खाजगीपणा

आंतरजालाशी जोडलेली आणि घरातील वापराची माहिती उत्पादकाकडे पाठवू शकणारी उपकरणे, उदा., दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, आवाजी आज्ञा पाळणारा ध्वनिक्षेपक. अशा माहितीवरून कुटुंबाची आवडनिवड व दिनक्रम यांचा अंदाज बांधता येतो. म्हणून जाहिरातदारांच्या दृष्टीने ती मोलाची असते. यांपैकी दूरचित्रवाणी संचाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

प्रेक्षकमापन : कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात, हे जाणून घेण्याची जाहिरातदारांची गरज जुनीच आहे. भारतात हे मापन २०१५ पासून मुंबईतील ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च काउन्सिल’ (बार्क) ही संस्था करते. निवडक कुटुंबांच्या संमतीने त्यांच्या संचाला मापक जोडण्यात येतो. कार्यक्रमाच्या ध्वनीत मिसळलेली, कानाला ऐकू न येणारी खूण मापक ओळखतो व कोण पाहत आहे, ते घरातील माणसे बटण दाबून नोंदवितात. या कुटुंबांची नावे गुप्त ठेवतात. अशा काही कुटुंबांना ठराविक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये केला होता. त्यावरील खटला २०२४ मध्ये न्यायालयाच्या अनुमतीने मागे घेण्यात आला. तथापि आपले मापन होत आहे, हे या पद्धतीत कुटुंबाला माहीत असते.

संचाकडून होणारी नोंद : आंतरजालसंलग्न संचांपैकी अनेकांत पडद्यावरील दृश्य ओळखणारी यंत्रणा असते. ती थोड्याथोड्या अवधीने चित्राचे वा ध्वनीचे नमुने घेते, त्यांचा सांकेतिक ठसा दूरच्या संगणकाकडे पाठविते व तेथील संग्रहाशी ताडून कार्यक्रम ओळखला जातो. बाहेरून जोडलेल्या पेटीतून येणारे दृश्यही तिला ओळखता येते. तिला निवडक घरांची गरज नसते. तत्त्वतः मुंबईतील सदनिका आणि धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्यासारख्या गावातील घर यांत ती भेद करीत नाही. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सु. १ कोटी १० लक्ष संचांतून अशी माहिती ग्राहकांच्या संमतीविना गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये २२ लक्ष डॉलर भरून तिने ते प्रकरण मिटविले.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला व २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम’ संमत झाला. त्यानुसार संमती स्पष्ट व मोकळेपणाने दिलेली असावी लागते, ती मागे घेता येते आणि संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयक कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी अंमलात यावीत, अशी योजना आहे.

प्रथम जोडणीच्या वेळी दूरनियंत्रकाचे एक बटण दाबून दीर्घ इंग्रजी मजकुराला होकार दिला जातो. तो न वाचता दिलेला होकार खरी संमती ठरतो काय, हा यातील कळीचा प्रश्न होय. पुष्कळ संचांत ही नोंद खाजगीपणाविषयीच्या मांडणीत जाऊन बंद करता येते. आंतरजालाची जोडणी न दिल्यास माहिती बाहेर जात नाही व संच साध्या संचाप्रमाणे वापरता येतो.