उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

मॅग्नेट कॉइल कशी तपासायची ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढच्या खेपेला. मायणीकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे, आणि त्यांचा प्रश्न आपल्या भागातल्या कितीतरी घरांचा आहे.

त्यांचा गलाईचा धंदा तमिळनाडूत. गावी येणं यात्रेला आणि दिवाळीला. बटणस्टार्ट गाडी एरवी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. आल्यावर बटण दाबलं की नुसतं टकटक. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, वायरिंग तपासलं तर ते ठीक ठरलं. आता तिसरी घेऊ का, असं विचारतात.

घेऊ नका. आधी मोजा.

खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी माणसं देशभर पांगली. त्यांच्या दारातल्या गाड्या चालतात कमी, उभ्या राहतात जास्त. रोज वडूजला ये-जा करणाऱ्या गाडीत ३० मिलिअँपिअरची गळती असली तरी कुणाला पत्ता लागत नाही; कॉइल ती रोज भरून काढते. उभ्या गाडीत तीच गळती ९ अँपिअर-तासांची बॅटरी ३०० तासांत, म्हणजे साडेबारा दिवसांत, रिकामी करते. स्टार्टर तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. पुढचे महिने बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहते, प्लेटांवरचं सल्फेट कडक होतं आणि मग चार्जिंगला लावूनही ती उठत नाही. बॅटरी खराब निघाली असं आपण म्हणतो. खरं तर ती मारली गेलेली असते.

बॅटरी स्वतःहूनही उतरते, वायर काढून ठेवली तरी. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचे पत्रे कसे तापतात ते सांगायला नको. म्हणून पहिली परीक्षा बिनखर्चाची. बॅटरी पूर्ण चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी व्होल्टेज बघा. १२.६ च्या पुढे हवं. मग निगेटिव्हची वायर काढून चार-पाच दिवस थांबा. वायर काढूनही व्होल्टेज धाडकन उतरलं, तर दोष बॅटरीत. टिकलं, तर बॅटरी गाडी खाते आहे.

कोण खातं ते शोधायला मल्टीमीटर लागतो. चावी बंद. निगेटिव्हची वायर सोडवा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. लाल टोक सोडवलेल्या वायरला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, स्टार्टरचं बटण तर मुळीच दाबू नका. मीटरचा फ्यूज जाईल. आकडा लहान आहे याची खात्री झाली की मिलिअँपिअरवर या. अलार्म बसवलेला असेल तर तो झोपी जाईपर्यंत दहा मिनिटं थांबा. ज्या जुन्या गाडीत घड्याळ नाही, अलार्म नाही, तिचा आकडा जवळपास शून्यच यायला हवा.

आता मेन फ्यूज काढा. तरीही आकडा हलला नाही, तर खाणारा फ्यूजच्या अलीकडे, थेट टर्मिनलवर बसला आहे: जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर. नंतर बसवलेल्या या वस्तूंवर माझा पहिला संशय असतो. फ्यूज काढल्यावर आकडा शून्य झाला, तर फ्यूज परत लावा आणि रेक्टिफायरचा कप्लर काढून बघा. त्यातले डायोड थकले की बॅटरीतला करंट उलटा झिरपतो. इथे एक बारकावा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो: ही गळती गरम असताना वाढते. सकाळी थंड गाडीवर मोजलं तर सगळं आलबेल दिसतं. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर लगेच पुन्हा मोजा.

टर्मिनलला वायर टेकवून ठिणगी बघण्याची रीत अजून जोरात आहे. तिच्यावर विसंबू नका. ३० मिलिअँपिअरची ठिणगी नजरेला दिसेलच असं नाही, आणि ज्या गाडीत कपॅसिटर आहे तिथे सगळं ठीक असतानाही पहिल्या टेकवण्याला ठिणगी पडते. पत्रातल्या गाडीचं वायरिंग ठीक ठरलं ते बहुधा असंच.

जुन्या जावा-येझदीवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे सहा व्होल्टचा डायनॅमो आहे आणि रेग्युलेटरमध्ये कटआउट. इंजिन बंद झालं की त्याचे पॉइंट उघडले पाहिजेत. ते चिकटले तर बॅटरीच डायनॅमोला मोटरसारखी फिरवू बघते आणि काही तासांत उतरते. तिथे मिलिअँपिअर मोजत बसू नका. आधी झाकण उघडून पॉइंट बघा. जुन्या स्प्लेंडरची तऱ्हा आणखी निराळी: हेडलाइट आणि स्पार्क दोन्ही कॉइलवर, त्यामुळे बॅटरी मेलेली असली तरी गाडी किकवर मजेत सुरू होते. हॉर्नचा आवाज बसला की कळतं.

मायणीच्या वाचकांनी या यात्रेला एवढं करावं: थंड आणि गरम, दोन्ही आकडे लिहून पाठवावेत, आणि परत निघताना बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्हची वायर काढून ठेवावी. घरात कुणी महिन्यातून एकदा चार्जर लावणारं असेल तर उत्तमच. आकडे आले की त्यांच्या गाडीचं पुढचं बोलू. कॉइलसाठी मीटर हाताशी ठेवा, तोच लागणार आहे.