गाडी मागून बसवायची?

दोस्तांनो, बैलबंडीत बसून कधी शेतावर गेलात? मुर्रीच्या पोरांना हे विचारायलाच नको. मुर्री हे गोंदियाजवळचं गाव, आणि गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. बंडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढलं, की दणका थेट पाठीच्या कण्यात! धानाची पोती वाहणाऱ्या ट्रकखाली जरा डोकावून बघा. चाकाजवळ लोखंडी पट्ट्यांची, एकावर एक रचलेली कमान दिसेल. मिस्त्री तिला 'पाटे' म्हणतात. जुन्या अ‍ॅम्बेसेडरलाही मागे पाटेच होते. नंतरच्या मारुती ८०० ला मात्र मागे गोल वेढ्यांची स्प्रिंग आली. २०१४ साली ही गाडी बनायची थांबली, पण वापरलेल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात.

अशीच एखादी जुनी गाडी कुणाचा तरी दादा घेतो आणि मग म्हणतो, "मागून जरा खाली बसवू. रुबाब येतो!" खरंच, खाली बसलेली गाडी दिसते झोकात. वळणावर ती कमी झुकते, म्हणून शर्यतीच्या गाड्या ठेंगण्याच असतात. पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा शर्यतीचा ट्रॅक कुठे आणि आपला पावसाळ्यानंतरचा रस्ता कुठे!

गाडी खाली बसवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग काढायची आणि ग्राइंडरने तिचे दोन वेढे कापून टाकायचे. काम तासाभराचं. स्प्रिंग नुसती आखूड झाली, असं आपल्याला वाटतं. खरी गंमत पुढेच आहे.

बंद पडलेल्या बॉलपेनमधली स्प्रिंग काढा. ती टेबलावर उभी धरून जराशी दाबा. आता मधोमध चिमटीत घट्ट पकडा आणि फक्त वरचा अर्धा भाग तेवढाच दाबून पाहा. जोर जवळजवळ दुप्पट लागेल! स्प्रिंग दाबताना तिची तार थोडी थोडी पिळली जाते. वेढे जास्त असले की पीळ सगळ्यांत वाटला जातो. वेढे कमी केले, की उरलेल्यांनाच तो सोसावा लागतो. म्हणजे स्प्रिंग आखूड होते आणि शिवाय कडकही होते.

जेवढा भार, तेवढी स्प्रिंग दबणार, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. गडी मोठा हुशार! शोध दुसऱ्या कुणी आपल्या नावावर खपवू नये म्हणून १६७६ साली त्याने तो चौदा अक्षरांच्या कोड्यात छापला आणि उत्तर दिलं १६७८ साली.

आता हूकसाहेबांचा नियम वापरून गणित करू. आकडे सोपे, मानून घेतलेले आहेत. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगवर १६० किलो भार आहे आणि ती ८ सेंटीमीटर दबली आहे. म्हणजे प्रत्येक वेढा १ सेंटीमीटर. मोकळ्या स्प्रिंगमध्ये दोन वेढ्यांमधलं अंतर ४ सेंटीमीटर. दोन वेढे कापले तर स्प्रिंग ८ सेंटीमीटरने आखूड झाली. पण उरलेले सहा वेढे दबणार फक्त ६ सेंटीमीटर. म्हणजे गाडी ८ नव्हे, ६ सेंटीमीटर खाली आली.

गाडीचं पोट आधी जमिनीपासून १७ सेंटीमीटर उंच होतं असं धरू. आता राहिले ११. त्यात आत्या, मावशी आणि आजी मागच्या सीटवर बसल्या. प्रत्येक स्प्रिंगवर ९० किलोंची भर पडली की आणखी साडेतीन सेंटीमीटर गेले. उरले साडेसात! नियमातला गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो, पण तो ३.७ मीटर पसरट असतो, म्हणून चाकंही त्याच्यावर चढतात आणि पोट वाचतं. गावोगावचे गतिरोधक मात्र बांधीच्या धुऱ्यासारखे उभे आणि अरुंद. तिथे पोट घासणारच. शिवाय चाकाला वर यायला जागा कमी उरते. खड्ड्यात चाक वर आलं, की ते शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळतं आणि पाठीला पुन्हा बैलबंडी आठवते.

मागची बाजू खाली गेली, की नाक वर होतं. त्यासोबत हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत शिरतो. याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला एक झडप असते. गाडी मागून किती दबली आहे, यावरून ती भार ओळखते आणि मागच्या ब्रेकला तेवढा जोर देते. कापलेल्या स्प्रिंगमुळे तिला वाटतं, गाडी भरलेली आहे! रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना मग नको तेवढा ब्रेक लागतो, ओल्या रस्त्यावर ती जागीच अडकतात आणि गाडीची शेपटी फिरते.

जॅकवर गाडी उचलली की चाक खाली लोंबतं. तेव्हा आखूड स्प्रिंग आपल्या वाटीत सैल होते, कधी कधी सटकतेही. जोराच्या उसळीनंतर चालत्या गाडीतही हे होऊ शकतं. काहीजण तर वेढे न कापता गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली बसवतात. ते तर विचारूच नका. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात तापवून, थंड करून, पुन्हा बेताने तापवून लवचीकपणा दिलेला असतो. ज्योत लागली की तो जातो. मग ती स्प्रिंग दिवसेंदिवस बसत जाते, तीही दोन्हीकडे सारखी नाही.

नीट काम करायचं तर त्या गाडीच्या वजनाला बेतलेल्या आखूड स्प्रिंगा हव्यात आणि त्यांना जुळणारे शॉकअप हवेत. हेडलाइट आणि ब्रेकही पुन्हा तपासून घ्यायला लागतात. त्यातही कायदा आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा दादाने आधी आरटीओत विचारलेलं बरं.

आणि कधी कधी गाडी कुणी न बसवताच मागून बसते! वर्षानुवर्षांच्या भाराने स्प्रिंग थकते. घरी गाडी असेल तर मोजपट्टी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा आणि मागच्या चाकाच्या बरोबर मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डावीकडे आणि उजवीकडेही. मग तीन भावंडांना मागे बसवून पुन्हा मोजा. आकडे तारखेसह वहीत लिहा आणि दर दिवाळीला पुन्हा मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेलेली दिसली, की वही घेऊन बाबांबरोबर गॅरेजात जा. मिस्त्री स्प्रिंग बदलेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदलायला सांगा. आणि जुनी स्प्रिंग मागून घ्या, वेढे मोजायला बरी!