आजोबांची टोपी आणि लोकरीची कौले

घरातला एखादा जुना लग्नाचा फोटो काढून पाहा. कोट, धोतर आणि डोक्यावर काळी टोपी अशा वेषातले कोणी आजोबा-पणजोबा त्यात बहुधा सापडतील. ही काळी टोपी पुष्कळदा कापडाची शिवलेली नसे, तर फेल्टची असे. माझ्या आजोबांची अशी एक टोपी १९७८ सालच्या पावसाळ्यात मी बिघडवली. ती का बिघडली आणि किती दुरुस्त झाली, ह्यात बरेच विज्ञान दडलेले आहे.

आम्ही तेव्हा कुर्ल्याला राहत होतो. आजोबांनी सारी नोकरी तिथल्या स्वदेशी गिरणीत, साचे खात्यात, म्हणजे मागांवर केली होती. (१८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची जुनी धरमसी गिरणी विकत घेऊन तिथे स्वदेशी गिरणी सुरू केली. आज ती बंद आहे.) आत्याच्या मुलीचे लग्न चार दिवसांवर आले होते आणि आजोबांची टोपी पावसाच्या चिखलाने माखली होती. त्यांना खूश करावे म्हणून मी ती कढत पाण्यात साबण घालून ब्रशने खसाखसा घासली, पिळली आणि स्टोव्हजवळ वाळत ठेवली. संध्याकाळी ती आजोबांच्या डोक्यावर उपड्या वाटीसारखी बसली. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, आता मांडवात बोडक्याने जाऊ का मी?"

मला रात्री झोप लागली नाही.

न विणलेले कापड

ज्या माणसाने आयुष्यभर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड विणले, त्याच्या टोपीत मात्र विणीचा एकही धागा नव्हता. फेल्ट विणत नाहीत. लोकरीचे सुटे तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून त्याचा थर करतात. ही कला फार जुनी आहे. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथे, बर्फात गोठलेल्या थडग्यांतून सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या फेल्टच्या वस्तू निघाल्या आहेत. आपल्याकडेही पिंजारी लोक ह्याच रीतीने लोकरीचे बुरणूस करीत. धनगरी घोंगडी विणलेली असते, बुरणूस विणलेला नसतो, हा दोहोंतला फरक.

पण हे तंतू गुंततात कसे? लोकरीच्या एका तंतूची जाडी साधारण २० ते ४० मायक्रोमीटर असते (१ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर). सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यावर छपराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले दिसतात. सगळ्या खवल्यांची मोकळी कड तंतूच्या टोकाकडे असते. त्यामुळे तंतूवरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर घर्षण कमी, उलट फिरवले तर जास्त.

आता माझा पराक्रम आठवा. कढत पाण्याने तंतू फुगून लवचिक झाले, साबणाने ते निसरडे झाले आणि ब्रशच्या प्रत्येक फटक्याने ते हलले. मात्र खवल्यांमुळे प्रत्येक तंतू एकाच दिशेने, आपल्या मुळाच्या बाजूने सरकू शकतो. पुढे जातो, मागे येत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत घुसत गेले की थर दाट होतो आणि आटतो. फेल्ट तयार करताना कारागीर हेच मुद्दाम आणि बेताने करतो. मी ते नकळत आणि बेताल केले होते.

सशासारख्या प्राण्यांची लव मात्र लोकरीइतकी सहज गुंतत नाही. म्हणून युरोप-अमेरिकेतले हॅटवाले पूर्वी तिला पाऱ्याचे नायट्रेट लावीत. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षे श्वासातून शरीरात गेल्याने कामगारांचे हात कापू लागत, स्वभाव भित्रा आणि चिडखोर होई. अमेरिकेत हा वापर १९४१ साली बंद झाला. डोक्यावरच्या ऐटीची किंमत अशी कुणाच्या तरी मज्जासंस्थेने मोजलेली होती.

वाफेची करामत

दुसऱ्या दिवशी आजोबा मला घेऊन कुर्ला स्टेशनजवळच्या एका बोळात गेले. तिथे एक वृद्ध टोपीवाले जुन्या टोप्या साफ करून त्यांना आकार देत. त्यांनी टोपी बोटांनी चाचपली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाळ, वाफेने बसलेला आकार वाफेने उठतो. साबणाने आटलेली लोकर पुरती उलगडत नाही. बघू, किती जमते ते."

ह्या दोन वाक्यांत सगळे शास्त्र आहे. लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते सुटतात आणि तंतू वळेल तसा वळतो. तो सुकून थंड झाला की बंध नव्या जागी जुळतात आणि नवा आकार टिकतो. कपड्याला पाणी शिंपडून इस्त्री केल्यावर घडी बसते, ती अशीच. शिवाय फेल्टला ताठपणा यावा म्हणून लाखेचे द्रावण देतात, तीही उष्णतेने मऊ होते. हा बदल उलटवता येतो. तंतूंची गुंतवळ मात्र सहसा सुटत नाही.

टोपीवाल्यांनी किटलीच्या तोटीतून येणाऱ्या वाफेवर टोपी फिरवून मऊ केली, लाकडी कलबुतावर हळूहळू ओढून बसवली आणि तशीच सुकू दिली. मधूनच त्यांनी टेप लावली. आजोबांच्या डोक्याचा घेर ५६ सें.मी. आणि धुतलेल्या टोपीचा आतला घेर ५४ सें.मी. होता. दोन सेंटिमीटर हवे होते. ताणून एक मिळाला. त्याहून ओढले तर टोपी फाटली असती.

मग त्यांनी टोपीच्या आतली चामडी पट्टी उलटली. टोपी पूर्वी थोडी सैल होती, म्हणून आजोबांनी पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी सगळीकडून भरलेली होती. तिची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. ती काढली आणि टोपी बसली! कशी? घडी काढल्याने आतली त्रिज्या १.५ मि.मी. वाढली, म्हणून घेर २ × ३.१४ × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मि.मी. वाढला. जवळजवळ तो दुसरा सेंटिमीटरच. आपले डोके वर्तुळाकार नसून लंबगोल असते, पण हे गणित तिथेही लागू पडते.

ह्या लंबगोलामुळेच गोल टोपी कपाळावर आणि मागे रुतते, कानांवर मात्र पोकळ राहते. टोपीवाल्यांनी कानांपाशी बोट घालून पाहिले आणि तेवढाच भाग पुन्हा वाफ देऊन दाबला.

एक उणीव राहिली. टोपीची उंची बोटभर कमी झाली होती. त्यावर उपाय आकाराचा होता. माथ्यावरची खोलगट दुमड त्यांनी वाफेवर उठवली आणि उथळ करून पुन्हा बसवली. दुमडीत दबलेली उंची वर आली, टोपी पहिल्यासारखी दिसू लागली. १९२९ सालच्या छायाचित्रातली भगतसिंगांची हॅट तुम्ही पाहिलीच असेल. अशा फेल्ट हॅटच्या माथ्यावरची खळगी आणि काठाचा बाकही वाफेनेच देतात. एकाच साच्यातून निघालेली टोपी अशा दोन-चार दाबांनी त्या-त्या माणसाची होते.

आजोबांनी टोपी घातली, आरशात पाहिले आणि नेहमीप्रमाणे किंचित उजवीकडे कलती केली. तेवढ्यावरून मला कळले की टोपी त्यांना पसंत पडली. लग्नात ते पहिल्या रांगेत बसले. पुन्हा भिजली तर टोपी परत आटेल म्हणून सबंध पावसाळा छत्रीखाली टोपी आधी आणि आजोबा नंतर, असे चालले!

करून पाहा

आपला एक लांब केस अंगठा आणि तर्जनीत धरा. बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस एकाच बाजूला सरकत जाईल. ती त्याच्या मुळाची बाजू. केस उलटा धरून पुन्हा पाहा.

नंतर शुद्ध लोकरीच्या धाग्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एक गार पाण्यात नुसता ठेवा. दुसरा सोसेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे चोळा. दोन्ही सुकवून मोजा. अ‍ॅक्रिलिकचा धागा आटणार नाही. त्याला कौले नसतात.

हा प्रयोग आजोबांच्या टोपीवर मात्र करू नका.