वस्तरा: पहिली दाढी आणि पात्याची निगा
घडीच्या वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याला ५/८ इंच रुंदीचे, गोल टोकाचे पाते सोयीचे. टोकदार कोपरा त्वचेत चटकन रुततो. झोलिंगन किंवा शेफील्डचा जुना वस्तराही उत्तम काम देतो, मात्र त्याला आधी जाणकाराकडून धार लावून घ्यावी.

दाढी कोमट पाण्याने भिजवून साबणाचा दाट फेस लावावा. मोकळ्या हाताने त्वचा ताणून, पाते साधारण ३० अंशांत धरून केसांच्या दिशेने फिरवावे; दाब अजिबात नको. सुरुवातीला फक्त गाल करावेत. हनुवटी आणि वरचा ओठ हात बसल्यावर.

खरे कौशल्य निगेत आहे. दर दाढीपूर्वी पाते चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर फिरवतात: पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचल्यावर पाते पाठीवरच उलटवावे, नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही बिघडते. पट्टा मुख्यतः धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ करतो. बोथट पात्याला दगडच लागतो, आणि तोही काही महिन्यांतून एकदा. १००० क्रमांकाचा दगड धार घडवतो, ८००० किंवा त्यापुढचा ती गुळगुळीत करतो. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात, कारण पाठीची जाडीच कोन राखते.

कार्बन पोलादाला गंज लवकर चढतो. वापरानंतर पाते पुसून पूर्ण वाळवावे. कोकणासारख्या दमट हवेत तेलाचा पातळ थर आवश्यकच. वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये. रक्तातून हेपटायटिस बी आणि सी पसरू शकतात.