चावलं नाही हो डॉक्टर, नुसतं चाटलं!

देहूचे एक काका-काकू दर महिन्याला माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात. काका पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. चाळीस वर्षे भोंग्यावर चाललेले आयुष्य आता गुलाबांवर चालते. अंगणात सतरा-अठरा कुंड्या आहेत. कलम कधी बांधायचे, खत कधी घालायचे, हे त्यांना तोंडपाठ. काकूंना भजनाची आवड. दुपारी बायकांचे भजनी मंडळ आणि संध्याकाळी इंद्रायणीच्या घाटावर एक फेरी. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. घरात या दोघांखेरीज तिसरी म्हणजे म्हातारी मांजर, मनी.

यंदा पालखीचे प्रस्थान झाल्यावर, गर्दी ओसरल्यानंतर, काकूंना रस्त्याच्या कडेला कुत्र्याचे एक पिल्लू सापडले. दोन-अडीच महिन्यांचे असेल. भिजलेले, थरथरणारे. काकूंनी पदराखाली घालून घरी आणले. काका प्रथम कुरकुरले, पण चार दिवसांत तेच त्याच्यासाठी दुधाची जास्तीची पिशवी आणू लागले. काका गुलाबांत बसले की पिल्लू शेजारी बसे. त्यांच्या हाताशी खेळे, हात चाटे.

तीन आठवड्यांनी पिल्लाचे काहीतरी बिनसले. ते खाईना. पलंगाखाली अंधारात जाऊन बसू लागले. तोंडातून लाळ गळू लागली आणि खालचा जबडा लोंबल्यासारखा दिसू लागला. घशात हाड अडकले असेल, असे वाटून काकूंनी तोंडात बोटे घालून पाहिले. हाड काही सापडले नाही. मग मागचे पाय लटपटू लागले आणि चौथ्या दिवशी पिल्लू गेले. दोघांनी शेताच्या बांधाला खड्डा करून त्याला पुरले.

त्यानंतर दोन दिवसांनी दोघे नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले. काकूंचा रक्तदाब वाढलेला होता. "झोप नाही हो डॉक्टर, पिल्लू डोळ्यासमोरून हलत नाही," असे म्हणून त्यांनी ही सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता माझे लक्ष काकांच्या हातांकडे गेले. दोन्ही हातांवर गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे होते. काही जुने, काही ताजे.

मी विचारले, "काका, पिल्लू चावलं होतं का?"

"छे! चावलं नाही हो डॉक्टर, नुसतं चाटलं. लहान पिल्लू ते, ते काय चावणार?"

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे.

रेबीज हा रोग पिसाळलेले कुत्रे चावल्याने होतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याचे विषाणू असतात ते जनावराच्या लाळेत. दात हे लाळ शरीरात पोचवण्याचे एक साधन झाले. कातडीला आधीच खरचटलेले असेल आणि त्यावर लाळ लागली, तर दातांची गरजच उरत नाही. डोळे, ओठ आणि तोंडाच्या आतली त्वचाही अशीच नाजूक असते. तिथे लाळ लागली तरी विषाणूला वाट मिळते. मांजर पंजा चाटते आणि त्याच पंजाने ओरखडते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा गैरसमज पिसाळण्याबद्दलचा. पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाल डोळ्यांचे, दिसेल त्याला चावत सुटणारे, असे चित्र आपल्या मनात असते. तो एक प्रकार झाला. दुसरा प्रकार मुका असतो. त्यात जनावर गप्प होते, अंधारात लपते, त्याला गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि पाय लुळे पडतात. त्याच्या घशात काही अडकले आहे असे वाटून घरची प्रेमळ माणसे त्याच्या तोंडात हात घालतात. काकूंनी नेमके हेच केले होते.

त्या पिल्लाला रेबीजच होता का? ते आता कधीच कळणार नाही. त्याची खात्री मेलेल्या जनावराच्या मेंदूच्या तपासणीने होते आणि पिल्लू तर पुरले गेले होते. पण लक्षणे जुळत होती. अशा वेळी डॉक्टरने रेबीज आहे असे धरूनच चालायचे असते. कारण या रोगात चुकीला क्षमा नाही.

क्षमा नाही असे का म्हणतो, ते सांगतो. इंटर्नशिप करत असताना वॉर्डात एक तरुण शेतकरी दाखल झाला होता. तीन महिन्यांपूर्वी कुत्र्याच्या पिल्लाचा दात पोटरीला लागला होता. घरच्यांनी जखमेवर चुना लावला, जखम भरून आली आणि सगळे विसरले. आता त्याला तहान लागली होती. तो पाणी मागत होता आणि पेला ओठांजवळ आला की त्याचा घसा आवळून येत होता. पंख्याचा वाराही सोसत नव्हता. तो पूर्ण शुद्धीवर होता आणि माझे काय होणार, असे विचारत होता. आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. लक्षणे सुरू झाल्यावर या रोगातून माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. तेव्हाही तसेच होते, आजही तसेच आहे.

हा विषाणू रक्तातून धावत नाही. तो जखमेतून नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात लक्षणे दिसतात, तर क्वचित वर्षही लागते. जखम डोक्याजवळ असेल तर वाट जवळची. हा उशीर हीच आपली संधी. विषाणू मेंदूत पोचण्याआधी त्याची वाट अडवली, तर माणूस वाचतो.

ही वाट प्रथम अडवली ती फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या, कुत्रा चावलेल्या मुलाला त्यांनी लस टोचायला सुरुवात केली आणि तो मुलगा जगला. आपल्याकडे पुढे अनेक दशके मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस वापरली जाई. पोटातली चौदा इंजेक्शने म्हणून आपण जिची धास्ती घेतली होती, ती हीच. तिने काही जणांना अर्धांगासारखा त्रासही होई. ती लस आता वापरात नाही, पण तिची धास्ती मात्र उरली आहे. आजही "पोटात घ्यावी लागतात ना?" असे विचारणारे रुग्ण येतात. नाही. आजची लस दंडात घ्यायची असते आणि तिचा त्रास कुठल्याही साध्या लसीइतकाच.

आता त्या दिवशी काय केले ते सांगतो. काकांना मी नळाखाली हात धुवायला लावले. पण खरे तर ही वेळ निघून गेलेली होती. ओरखड्यावर लाळ लागते त्याच क्षणी, वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायला हवी. या विषाणूला चरबीचे आवरण असते आणि साबण ते आवरण मोडतो. म्हणून अंगाचा किंवा कपड्यांचा कोणताही साबण चालतो. धुतल्यावर आयोडीनचे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावू नये. जखम बांधून टाकू नये आणि घाईने टाके घालू नयेत.

मग काकूंची बोटे पाहिली. "मला तर काहीच लागलं नाही," काकू म्हणाल्या. मी स्पिरिटचा बोळा बोटांवरून फिरवला. एका बोटाला झोंबले. नखाजवळ विळीची बारीक चीर होती, जी त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती.

तेवढ्यात काकूंना आठवले, शेजारचा आठ वर्षांचा मुलगा रोज पिल्लाशी खेळायला येई. त्यालाही बोलावून घेतले. त्याच्या मनगटावर दातांचा हलका ओरखडा होता, पण रक्त आले नव्हते. त्याच्या आईने पिल्लाला बाहेरूनच दूध घातले होते आणि एकदा पाठीवरून हात फिरवला होता.

अशा संपर्काचे डॉक्टर तीन वर्ग करतात. नुसते हात लावणे, खाऊ घालणे किंवा धडधाकट कातडी चाटली जाणे हा पहिला वर्ग. त्याला हात धुणे पुरे, लस लागत नाही. मुलाची आई यात आली. रक्त न येता पडलेला ओरखडा किंवा दात घासणे हा दुसरा वर्ग. त्याला लस हवी. मुलगा यात आला. रक्त आलेला चावा अथवा ओरखडा, किंवा फाटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागणे हा तिसरा वर्ग. त्याला लस हवी आणि सोबत जखमेत व तिच्या भोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही हवे. 'नुसतं चाटलं' म्हणणारे काका आणि 'काहीच लागलं नाही' म्हणणाऱ्या काकू, दोघेही तिसऱ्या वर्गातले निघाले.

प्रतिपिंड म्हणजे रोगाशी लढणारे घटक. लस टोचल्यावर ते आपल्या शरीरात तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात शत्रूला दारातच रोखायला हे तयार शिपाई लागतात. ते माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तापासून मिळवतात. आता प्रयोगशाळेत बनवलेलेही मिळतात आणि त्यांतले एक आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे आहे. हे इंजेक्शन लसीच्या पहिल्या डोसाबरोबरच घ्यावे. राहून गेले तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत घेता येते, त्यानंतर उपयोग नाही.

मी तिघांना त्याच दिवशी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पाठवले. लस स्नायूत दिली तर पाच वेळा घ्यावी लागते. पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी. कातडीत दिली तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी. माणसे चुकतात ती शेवटच्या सुईला. जखम भरली, बरे वाटते, आता कशाला, असे म्हणून ती चुकवू नये. गर्भवतीला, बाळाला, मधुमेह्याला, कुणालाही ही लस वर्ज्य नाही. लाळ लागून बरेच दिवस उलटले असले तरी आता उपयोग काय म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी सुरुवात करावी. पूर्ण कोर्स झाल्याचे कार्ड जपून ठेवावे. पुन्हा असा प्रसंग आला तर शून्य आणि तिसऱ्या दिवशीचे दोनच डोस पुरतात आणि प्रतिपिंडांची गरज पडत नाही.

चावणारे कुत्रे किंवा मांजर घरचे असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. त्याला मारू नये, हाकलूनही देऊ नये. ते दहा दिवस ठणठणीत राहिले, तर चावले त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजते आणि डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. मात्र लस पहिल्या दिवशीच सुरू करायची. दहा दिवस वाट पाहून मग बघू, असे करायचे नाही.

मनीला दोघांनी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे नेले. तीही त्याच घरात, त्याच ताटलीत जेवत होती. घरातून बाहेर न पडणाऱ्या मांजरालाही लस लागते, हे काकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

काही वाचक म्हणतील, मग ही ब्याद पाळावीच कशाला? मी तसे म्हणणार नाही. गडचिरोलीत हेमलकसा येथे १९७३ पासून राहणारे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे दोघेही माझ्यासारखेच डॉक्टर. आदिवासी रुग्णांची सेवा करता करता त्यांनी अनाथ वन्यप्राणी घरच्यासारखे सांभाळले. त्यांची गोष्ट थोरच, पण मुले दूर गेलेल्या साध्या घरातही जनावर हवे असते. त्याच्यामुळे माणूस वेळेवर उठतो, चालतो, बोलतो. काकांचा रक्तदाब पिल्लू आल्यापासून उतरला होता, हे माझ्या वहीत लिहिलेले आहे. संतांच्या गावात भूतदया कुणी शिकवायला नको. फक्त दयेच्या जोडीला थोडी दक्षता हवी.

ती दक्षता एवढीच. पिल्लू घरी आणले की त्याच आठवड्यात पशुवैद्यकाला दाखवावे. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची पहिली लस, महिन्याभराने दुसरी आणि पुढे दर वर्षी एक. हाताला खरचटले असेल तर जनावराला चाटू देऊ नये. बागकाम करताना हातमोजे घालावेत. आजारी जनावराच्या तोंडात हात घालू नये. आणि मुलांना सांगावे, कुत्र्या-मांजराने ओरखडले तर लपवू नका, कुणी रागावणार नाही. माराच्या भीतीने लपवलेला ओरखडा हा सर्वांत धोक्याचा.

तिघांचेही कोर्स पूर्ण झाले आहेत. शेवटच्या सुईनंतर काका मला म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी गोळ्या संपल्या नसत्या तर आम्ही आलोच नसतो." मला आजही त्याच वाक्याची भीती वाटते. आपल्यापैकी कुणाच्या हातावर गेल्या काही दिवसांत असा ओरखडा उठला असेल, तर गोळ्या संपायची वाट पाहू नका. आजच डॉक्टरांना हात दाखवा.