क्रॅनबेरी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रॅनबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातले फळ. जमिनीलगत वेलीसारख्या पसरणाऱ्या सदाहरित झुडपाला ते लागते. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तोडणी चालते. लगेच अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण आणि पाठोपाठ नाताळ येतो. सणासुदीच्या ताटात हे फळ बसले त्यात परंपरेइतकाच या हंगामाचाही वाटा आहे.

लाल फळांनी भरलेल्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले शेतकरी जाहिरातींत दिसतात. त्यावरून क्रॅनबेरी पाण्यात वाढते, असा समज झाला आहे. झुडपे प्रत्यक्षात दलदलीच्या आम्ल जमिनीवर, वाळूच्या थरात वाढतात. वारा ज्या वेलींवर वाळू आणून टाकतो त्या जोमाने फोफावतात, हे मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे हेन्री हॉल यांच्या 1816च्या सुमारास लक्षात आले आणि तिथून क्रॅनबेरीची पद्धतशीर लागवड सुरू झाली. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिनमध्ये येते. काढणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात, कारण फळात हवेच्या चार पोकळ्या असतात आणि सुटलेले फळ तरंगते. अशी काढलेली फळे रस, सॉस आणि सुकवण्यासाठी जातात. दुकानात पिशवीतून मिळणारी ताजी फळे मात्र सहसा कोरड्या वाफ्यातून खुडलेली असतात.

थँक्सगिव्हिंगचे मूळ मानल्या जाणाऱ्या, 1621 साली प्लिमथच्या वसाहतकऱ्यांनी वाम्पानोआग या स्थानिक लोकांबरोबर केलेल्या मेजवानीत क्रॅनबेरी सॉस होता, ही समजूतही अशीच पक्की झालेली आहे. त्या मेजवानीबद्दल वसाहतकरी एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात शिकार केलेल्या पक्ष्यांचा आणि पाच हरणांचा उल्लेख आहे, सॉसचा नाही. साखरेचा साठा तोवर जवळजवळ संपलेला होता आणि साखरेशिवाय हा सॉस होत नाही. स्थानिक लोक ही फळे खात असत, तेव्हा ती त्या ताटात नव्हतीच असेही म्हणता येत नाही. टर्कीबरोबर क्रॅनबेरी सॉस वाढावा अशी सूचना अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या 1796च्या पुस्तकात आढळते. डब्यातला सॉस त्याहून खूप अलीकडचा : मार्कस युरॅन यांनी तो 1912मध्ये बाजारात आणला.

स्वयंपाकघरातले गैरसमज अधिक त्रासाचे, कारण त्यांनी पदार्थ बिघडतो. सॉस दाट होण्यासाठी कॉर्नफ्लोअर किंवा जिलेटिन लागते, हा त्यांतला पहिला. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असते आणि आंबटपणाही भरपूर. पेक्टिन, आम्ल आणि साखर एकत्र आली की मिश्रण आपोआप गोठते. नेहमीचे प्रमाण असे : 340 ग्रॅम फळे, एक कप साखर, एक कप पाणी. साखर पाण्यात विरघळवून उकळी आली की फळे घालायची. थोड्याच वेळात आतल्या वाफेने साली फुटू लागतात आणि मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. दहा मिनिटांच्या आसपास बहुतेक फळे फुटली की गॅस बंद करायचा. या वेळी सॉस पातळच दिसतो, आणि इथेच घोटाळा होतो. पातळ वाटला म्हणून तो आणखी अर्धा तास आटवला, तर कडवटपणा वाढतो. शिवाय फार वेळ उकळल्याने पेक्टिनची गोठवण्याची ताकदही कमी होते. दाटपणा निवल्यावर येतो. गार झाल्यावर तो फारच घट्ट झाला, तर चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा कोमट करावा. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात इतका आंबट पदार्थ शिजवू नये.

केकमध्ये ताज्या क्रॅनबेरीभोवती निळसर-हिरवट डाग दिसले की बुरशी आल्याचा संशय घेतला जातो. नुकत्याच भाजलेल्या केकमध्ये हा बहुधा खाण्याच्या सोड्याचा परिणाम असतो. फळाचा लाल रंग आम्लात टिकतो, सोड्यामुळे तो बदलतो. ताक किंवा दही घालून सोड्याचे प्रमाण बेताचे ठेवले की डाग टळतात. गोठवलेली फळे केकमध्ये घालण्याआधी वितळवण्याचीही गरज नसते. वितळल्यावर सुटलेल्या रसाने पीठच गुलाबी होते.

क्रॅनबेरी म्हणजे कमी साखरेचे फळ, हे ताज्या फळाबाबत खरे आहे. 100 ग्रॅममध्ये जेमतेम 4 ग्रॅम साखर असते. पण तसे फळ नुसते खाणारे विरळाच. सुकवलेली क्रॅनबेरी बहुधा साखरेच्या पाकात मुरवून वाळवतात आणि तिच्या वजनाचा दोन-तृतीयांशच्या आसपास भाग साखरेचा असतो. मनुकांतही साखर जवळपास तितकीच, पण ती द्राक्षाची स्वतःची. तेव्हा मनुकांच्या जागी आरोग्यासाठी म्हणून ही फळे घालण्यात काही अर्थ नाही. चवीसाठी खुशाल घालावीत.

मूत्रमार्गाच्या संसर्गावर क्रॅनबेरीचा रस हे औषध आहे, हा सर्वांत पसरलेला समज अर्धाच खरा आहे. फळातील काही घटक जिवाणूंना मूत्रमार्गाच्या आतील अस्तराला चिकटू देत नाहीत. कॉक्रेन संस्थेच्या 2023च्या आढाव्यानुसार वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीच्या सेवनाने पुन्हा संसर्ग होण्याचा धोका कमी होतो. ही गोष्ट प्रतिबंधाची झाली. झालेला संसर्ग रसाने बरा होत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. सणाच्या जेवणातला चमचाभर गोड सॉस तर या हिशेबात धरूच नये.

भारतात करवंदाला कधी कधी क्रॅनबेरीचाच भाऊ म्हणून विकले जाते. नाते काहीही नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातले, त्याच्या देठातून पांढरा चीक येतो. क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या कुळातली. आंबटपणा आणि पेक्टिन मात्र दोन्हींत आहे. त्यामुळे सॉसच्या कृतीत करवंदे चालून जातात, चव वेगळी येते एवढेच.

क्रॅनबेरी फक्त गोड पदार्थांत चालते, हाही समज अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांनी केव्हाच मोडीत काढला आहे. हिंग-मोहरीच्या फोडणीत मेथीदाणे, तिखट, मीठ आणि गूळ घालून केलेले तिचे लोणचे कैरीच्या लोणच्याची आठवण करून देते. बाठा काढावा लागत नाही, लिंबू पिळावे लागत नाही. फळ शिजताना पाणी सुटते, म्हणून हे लोणचे बरणीत बाहेर न ठेवता फ्रीजमध्येच ठेवावे. नाताळानंतर ताजी फळे दुकानांतून दिसेनाशी होतात. ज्यांना ती हवी असतील त्यांनी नोव्हेंबरातच दोन पिशव्या जास्त घेऊन, न धुता, तशाच फ्रीझरमध्ये टाकाव्यात. वर्षभर टिकतात.